डोंबाऱ्याचा घास

“हालू नगं,” धुरपाक्का म्हणाली. “तुझं पाखरू तुझ्या बुडाखाली हाय.”

मी अशी ताडकन उठले की डोक्यावरची टोपी मागच्या बोरीच्या झुडपात जाऊन अडकली. खाली वाळक्या कुसळी गवताचं एक ठोंब होतं, चार खडे होते आणि मी बसून सपाट केलेली माती होती. पाखरू नव्हतं की अंडं नव्हतं. धुरपाक्का काठीवर हनुवटी टेकून इतक्या गंभीर चेहऱ्यानं उभी होती की मी पुन्हा वाकून शोधू लागले. मग तिचे खांदे हलायला लागले. शेवटी तिनं पदर तोंडाला लावला आणि मेंढरांकडे वळून मनसोक्त हसून घेतलं.

त्या आठवड्यातली तिची ही तिसरी थट्टा होती.

ही गोष्ट एकोणीसशे एकोणऐंशीच्या फेब्रुवारीतली. मी तेवीस वर्षांची होते आणि पुण्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राचा प्रबंध करत होते. त्या प्रबंधासाठी मी माण तालुक्यातल्या शेरेवाडीच्या बोरजाईच्या माळावर येऊन राहिले होते. प्रबंधाचा नायक होता डोंबारी. चंडोलाच्या कुळातला, चिमणीपेक्षाही थोडा लहान असा हा पक्षी. नराचं पोट काळं कुळकुळीत, डोकं राखेच्या रंगाचं. मादी मात्र अंगभर मातकट. बसली की ढेकूळ आणि ती वेगळी काढता येत नाही. नर उंच जातो, पंख मिटून दगडासारखा खाली कोसळतो, शीळ घालत पुन्हा उसळी मारतो, पुन्हा कोसळतो. दोरीवरच्या डोंबाऱ्यासारखा हा खेळ चालतो, म्हणून ते नाव. प्रबंधाचं शीर्षक चांगलं दोन ओळींचं होतं. पण साध्या भाषेत प्रश्न एवढाच होता की हा पक्षी स्वतः काय खातो, आणि पिल्लांना काय भरवतो.

त्यासाठी आधी घरटं सापडायला हवं होतं. आणि तीन आठवडे झाले तरी मला एकही सापडलं नव्हतं.

माळ म्हणजे मुरमाड जमीन, मधूनमधून कुसळीची नि पवन्याची ठोंबं, कुठं एखादी बोर, लांबवर एकटीच बाभूळ. मोठं गवत तिथं वाढतच नव्हतं आणि वाढलं तर मेंढरं राहू देत नव्हती. नवख्या माणसाला वाटावं की इथं जिवंत असं काही राहतच नाही. मीही मनातून तसंच म्हणायला लागले होते. घरी वडिलांनी मार्चअखेरची मुदत दिली होती. तोवर काही हाती लागलं तर प्रबंध, नाहीतर नागपूरचा एक इंजिनियर मुलगा मला बघायला येणार होता. तो येणार हे त्यांनी पत्रात तळाशी, हवापाण्याची चौकशी करावी तितक्या सहज लिहिलं होतं.

मी धुरपाक्काच्या पडवीत राहत होते. आमच्या सरांच्या ओळखीच्या ग्रामसेवकांनी ती सोय लावून दिली होती. धुरपाक्का पन्नाशीची, काटक, काळीसावळी बाई. कोळेकरांचं हे घर पूर्वी दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचं. पुढं तिच्या नवऱ्याचा, सिदूमामांचा गुडघा कामातून गेला. मग मोठा कळप दोन्ही मुलांनी घेतला, ते आता कोकणातून जूनलाच परतायचे. आणि तीस-पस्तीस मेंढरं ठेवून ही दोघं माळावरच राहिली. सिदूमामा स्वभावानंच अबोल होते. सबंध दिवसात त्यांच्या तोंडून चार वाक्यं निघत, त्यातली दोन कुत्र्याला उद्देशून असत. त्यामुळे धुरपाक्काच्या जिभेला काम नव्हतं. मी आले आणि तिला काम मिळालं.

ती मला मास्तरीण म्हणायची. मी मास्तरीण नाही, अजून शिकतेच आहे, असं मी तिला सांगून पाहिलं. त्यावर तिनं विचारलं होतं, “मग तुला शिकवतंय कोन हितं?”

टोपी बोरीतून सोडवता सोडवता मी त्या दिवशी शेवटी तिला सरळच विचारलं, की तुला माहीत आहेत ना घरटी कुठं आहेत ती.

“हायती की.”

“मग दाखवत का नाहीस?”

ती माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली की बोट करून घरटं दाखवायचं नसतं. आपण बोट केलं की कावळा वरून बघतो आणि दुसऱ्या दिवशी तिथं टरफलं राहतात. तिच्या सासूनं तिला दाखवलं नव्हतं, तिनं तिच्या सुनांना दाखवलं नाही. ज्यानं त्यानं आपलं आपण बघायचं.

“पर बघायचं कसं, ते सांगते,” ती म्हणाली. “तू त्ये उतरतंय तिथं पळतीस. घर तिथं नसतंय. चोचीत कायतरी धरून उतरतंय, इकडं बघतंय, तिकडं बघतंय, उंदरावानी पळतंय, पुन्ना उभं ऱ्हातंय. सासूची नजर चुकवून सून चुलीम्होरनं कायतरी खायला न्हेती ना, तसं. उतरतंय तिथं बघू नगं. चोच रिकामी झाली कुठं, त्ये बघ.”

मग तिनं आपल्या खांद्यावरची घोंगडी माझ्या डोक्यावर टाकली आणि म्हणाली की ही पांढरी टोपी अर्ध्या माळाला दिसते, पाखरं तिला भितात. मेंढरू होऊन बस.

मी मेंढरू होऊन बसले. घोंगडीला धुराचा, लोकरीचा आणि ताकाचा वास होता. कळप माझ्याभोवती चरत राहिला. पाऊण तासानं वीस पावलांवर एक मादी उतरली. तिच्या चोचीत हिरवट अळी लोंबत होती. ती तिरकी पळाली, थांबली, उलट दिशेला पळाली, थांबली. एका कुसळीच्या ठोंबामागे ती क्षणभर दिसेनाशी झाली आणि बाहेर आली तेव्हा चोच रिकामी होती.

मी तिथपर्यंत रांगत गेले. ठोंबाच्या पूर्वेच्या अंगाला, दुपारचं ऊन लागणार नाही अशा बेतानं, मुठीएवढा खळगा होता. आत मऊ गवत, कडेनं बारीक खडे मांडलेले. आणि खळग्यात मातीच्याच रंगाची लव ल्यालेली पिल्लं, माना टाकून, डोळे मिटून, अशी निपचित पडलेली की मी पहिल्यांदा हात लावायला गेले ते ढेकूळ बाजूला करायला म्हणून.

मागे वळून पाहिलं तर धुरपाक्का लांबून बघत होती. तिनं हात केला नाही, काही नाही. फक्त मेंढरं दुसऱ्या बाजूला वळवली.

एकदा डोळा बसल्यावर आठ दिवसांत मला पाच घरटी सापडली. मी त्यांना नंबर दिले. आणि पाचवं सापडलं त्याच दिवशी माझ्या मार्गदर्शकांना, आठल्ये सरांना, पत्र टाकलं. पत्रात बढाई जरा जास्तच होती, हे मला तेव्हाही कळत होतं.

सरांचं उत्तर सहा दिवसांनी आलं. शाबासकी एका ओळीत होती. पुढं लिहिलं होतं की अकरा मार्चला ते स्वतः येत आहेत, स्पिरिटच्या बाटल्या आणि परवाना घेऊन. पाचही घरट्यांतली पिल्लं आणि शक्य झालं तर जोड्या घ्यायच्या, म्हणजे पोटातलं अन्न तपासून आहाराचं प्रकरण एका झटक्यात पुरं होईल.

यात मला नवीन काहीच नव्हतं. तेव्हा पद्धतच ती होती. पक्षी काय खातो हे पाहायचं तर त्याचं पोट उघडायचं. मी स्वतः प्रयोगशाळेत सरांनी आणलेल्या साठेक पक्ष्यांची पोटं उघडली होती आणि त्यातल्या बिया नि किड्यांचे तुकडे वेगळे करून कागदावर मांडले होते. माझा हात त्यात चांगला होता. सर तसं म्हणायचेही.

मी धुरपाक्काला पत्र वाचून दाखवलं. सर येणार म्हणजे जेवायला माणूस वाढणार, हे सांगण्यापुरतं. ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

“म्हंजी खाल्लेलं बघाया प्वाट फाडायचं?”

मी तिला शास्त्रीय पद्धत समजावून सांगायला लागले. ती ऐकत राहिली. मग तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, “आई तोंडात घास घालती तवा तू डोळं मिटून बसतीस का? त्योच बघ की.”

मला हसू आलं. शास्त्र असं चालत नाही, असं मी तिला म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तीन नंबरच्या घरट्यापासून दहा हातांवर मी घोंगडी घेऊन बसले ते वहीच उघडून. फक्त बघू तरी, म्हणून.

आणि दिसत होतं. दुर्बीण लावली की चोचीतलं स्पष्ट दिसत होतं. पिल्लं दोन-तीन दिवसांची होती तोवर नुसत्या मऊ अळ्या. मग लहान नाकतोडे. आणि नाकतोडा तसाच नाही भरवायचा, आधी खड्यावर आपटून त्याचे मागचे खरखरीत पाय मोडून टाकायचे. मग भुंगेरे, मग वाळवी. आई-बाप स्वतः मात्र गवताच्या बियांवर दिवस काढत, आणि सापडलेला किडा घेऊन पळत. भर दुपारी जमीन तापली की मादी खळग्यावर उभी राहायची, पंख अर्धे उघडून, चोच वासून, आणि तिच्या सावलीत पिल्लं पडून राहायची. घार वरून गेली की सगळं माळरान एका क्षणात दगड व्हायचं. मी वेळ लिहायची, घास लिहायची, चोचीच्या मानानं किडा केवढा ते लिहायची.

यात एक अडचण होती. कळपातल्या शिंगाळ्या मेंढ्याला मी पटले नव्हते. घोंगडीतलं हे नवं मेंढरू चरत नाही, हलत नाही, याचा त्याला राग होता. दोनदा त्यानं मला मागून ढुशी दिली. दुसऱ्या वेळी दुर्बीण एकीकडे, मी एकीकडे. धुरपाक्का धावत आली, आधी तिनं घरटं पाहिलं, मग मेंढ्याला दोन शिव्या दिल्या, आणि शेवटी मला विचारलं की लागलं का.

दहा मार्चपर्यंत माझ्या वहीत भरवण्याच्या एकशे ब्याऐंशी खेपा झाल्या होत्या. पाचातली दोन घरटी तोवर रिकामी झाली होती. एकातली पिल्लं उडून गेली होती, एक खरंच कावळ्यानं नेलं होतं. तीन उरली होती. सरांना काय सांगायचं हे मी ठरवलं नव्हतं. सरांना सांगण्यासारखं काही असतं, हेच मला माहीत नव्हतं. ते सांगत आणि आपण करायचं, एवढंच ठाऊक होतं.

सर सकाळच्या एसटीनं आले. छप्पन्न-सत्तावन्न वर्षांचे, सडपातळ, जाड भिंगांचा चष्मा, पायात चामडी बूट. खांद्यावरच्या पिशवीत बाटल्या एकमेकींवर आपटत होत्या. पडवीत बसून त्यांनी पाणी प्यायलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, चल, उन्हाच्या आत उरकून घेऊ. पहिलं कुठलं?

“घरटी गेली, सर,” मी म्हणाले.

हे वाक्य मी ठरवून बोलले नव्हते. ते तोंडातून गेलं आणि मग माझं मलाच ऐकू आलं.

“गेली म्हणजे?”

“मुंगसानं खाल्ली.”

“कोल्ह्यानं,” धुरपाक्का त्याच वेळी आतून म्हणाली.

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. धुरपाक्का पदराला हात पुसत बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावर नेहमीचाच तो गंभीर भाव होता. ती म्हणाली की सायेब, आदी मुंगूस आलं, त्येचं राहिलेलं मग कोल्ह्यानं खाल्लं. लई वंगाळ झालं. पोरगी दोन दिस जेवली न्हाय. खरं तर मी सकाळीच तीन भाकऱ्या खाल्ल्या होत्या. कोपऱ्यात बसलेल्या सिदूमामांनी बिडी विझवली आणि त्या दिवसातलं पहिलं वाक्य उच्चारलं. ते म्हणाले की कोल्हा मोठा होता.

आलोच आहे तर माळ बघून घेतो, एवढं म्हणून सर उठले.

आम्ही तिघं माळावर निघालो. धुरपाक्कानं कळप आधीच पलीकडच्या उताराला नेऊन लावला होता आणि सरांनी तिकडंच जावं म्हणून ती त्यांना तिकडची काय काय पाखरं सांगत होती. सर हात पाठीमागे बांधून, मान खाली घालून, स्वतःच्याच तंद्रीत चालत राहिले, आणि चालता चालता नेमके तीन नंबरच्या दिशेला वळले. मी मधे आडवं जाण्याचा प्रयत्न केला. त्यांनी मला बाजूला सारून पाऊल टाकलं. मला ते कुसळीचं ठोंब दिसत होतं. अंतर कमी होत होतं. दहा पावलं, सहा, तीन. सरांनी घरटं पाहिलं असतं तर पिशवी उघडली असती. आणि पाहिलं नसतं तर बूट सरळ खळग्यात पडला असता.

त्याच वेळी वर नर शीळ घालत उठला.

“सर, ते बघा, वर बघा,” मी म्हणाले.

सर थांबले आणि त्यांनी वर पाहिलं. मी बोलत सुटले. किती उंच जातो, किती वेळा कोसळतो, शीळ कधी घालतो, सकाळी जास्त की संध्याकाळी, सगळं आकाशाकडे बघत. धुरपाक्काही मान वर करून उभी राहिली आणि म्हणाली, काय खेळतंय बगा सायेब. आम्ही तिघं माना वर करून किती वेळ उभे होतो कोण जाणे. मी खाली बघायचं नाही एवढंच ठरवलं होतं. मान दुखायला लागली तरी मी खाली पाहिलं नाही.

शेवटी सरांच्या बुटांचा आवाज झाला. ते एक लांब ढांग टाकून पुढे निघून गेले होते. मला वाटलं, काटा चुकवला असेल.

बाभळीखाली आम्ही भाकरी, झुणका आणि मिरचीचा ठेचा खाल्ला. सरांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या. जेवण होईपर्यंत त्यांनी प्रबंधाचा विषय काढला नाही. मग विचारलं की नमुने नाहीत, तर आहाराचं प्रकरण कशावर लिहिणार.

मी वही पुढं केली. त्यांनी ती पानं उलटत वाचली, चष्मा कपाळावर चढवून, कागद डोळ्यांपाशी नेऊन. मग वही मिटली. म्हणाले की लांबून पाहिलेलं परीक्षक मानणार नाहीत. एकशे ब्याऐंशी म्हणजे काहीच नाही. यावर विचार करून पत्रानं कळवतो. आणि उठले. धुरपाक्का म्हणाली की सायेबांना स्टँडावर मी सोडून येते, मास्तरीण, तू मेंढरं बघ.

दुपार कलल्यावर ती परत आली. मी विचारलं, सर काय म्हणाले. काय न्हाय, ती म्हणाली. थोड्या वेळानं मेंढरं वळवता वळवता म्हणाली, “तुझा सायेब बरा हाय.” मी मनात म्हटलं, तुला काय माहीत.

चार दिवसांनी पत्र आलं. तीन ओळींचं. नमुन्यांशिवाय प्रकरण लिहायचं असेल तर भरवण्याच्या किमान एक हजार खेपांची नोंद हवी, प्रत्येकीत वेळ, अंतर आणि किड्याचं माप. शिवाय प्रत्येक घरट्यातली विष्ठा गोळा करून सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची. तुझ्या वडिलांना मी वेगळं पत्र टाकलं आहे की काम मेअखेरपर्यंत चालेल.

मी रडले. हजार खेपा म्हणजे नवी घरटी शोधायची, आणि त्यातली निम्मी साप-कावळे नेणार, हे मला कळून चुकलं होतं. धुरपाक्कानं हजार म्हणजे किती ते विचारलं, मी सांगितलं, आणि ती म्हणाली, व्हईल की, त्यात काय.

झालं. मेच्या सव्वीस तारखेला, नवव्या घरट्यापाशी, हजारावी खेप नोंदवली. पिल्लाच्या तोंडात गेली ती एक साधी तपकिरी अळी होती. त्या अडीच महिन्यांत मी दूध काढायला शिकले, ओव्या ऐकल्या, मेंढ्याशी माझं जमलं, आणि धुरपाक्कानं मला आणखी किती वेळा बनवलं त्याला गणती नाही. नागपूरचा मुलगा तोवर दुसरीकडे ठरला होता.

प्रबंध मान्य झाला. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलंच की पोटं का तपासली नाहीत. मी उत्तर देईपर्यंत सर खिडकीबाहेर बघत बसले होते. मला साताऱ्याच्या एका कॉलेजात नोकरी लागली, तिथंच मी पुढं विभागप्रमुख झाले, माझ्या हाताखाली सहा जणांनी माळावरच्या पक्ष्यांवर कामं केली, सगळी बघून. धुरपाक्काकडे मी दर वर्षी जायची. ती त्र्याण्णव साली गेली.

सरांशी खोटं बोलल्याची टोचणी मात्र राहिली. प्रबंधाच्या सुरुवातीला मी त्यांचे आभार पाऊण पान मानले होते, अपराधी माणसाचे आभार असतात तसे लांबलचक. भेटले की मी हटकून त्या माळाचा विषय टाळायची.

दोन हजार एक साली सरांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली, म्हणून मी त्यांना बघायला पुण्याला गेले. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. जाड भिंगं जाऊन नाकावर साधा चष्मा आला होता. समोरच्या इमारतीच्या गच्चीवरची वाळत घातलेल्या कुरडया मोजून दाखवावी इतकं आता दिसतं, असं ते कौतुकानं सांगत होते.

मी गमतीनं म्हणाले, “म्हणजे आता माळावरचं घरटंसुद्धा दिसेल तुम्हाला.”

“तेव्हाही दिसत होतं,” सर म्हणाले.

काकूंनी चहा आणून ठेवला. मग त्या आत गेल्या.

“माझ्या डाव्या बुटापासून वीतभर,” ते म्हणाले. “दोन पिल्लं होती आणि एक अंडं न उबलेलं. तू आकाशाकडे बघून व्याख्यान देत होतीस. चांगलं होतं व्याख्यान.”

ते न उबलेलं अंडं फक्त माझ्या वहीच्या मागच्या पानावर होतं. प्रबंधात मी ते घातलं नव्हतं, आणि ते पान सरांनी त्या दिवशी उलटलं नव्हतं.

“मग बोलला का नाहीत, सर?”

त्यांनी कप उचलला, फुंकर घातली, एक घोट घेतला. “तू इतकं वाईट खोटं बोलत होतीस,” ते म्हणाले, “की मला वाटलं, हिला सवय नाही. सवय नसलेलं माणूस नोंदी बऱ्या ठेवतं. आणि वही बघितली तर बऱ्या होत्याच.” मग म्हणाले, “बाटल्या घेऊन मी तसाच परत गेलो. पुढं कुठं नेल्या नाहीत.”

बावीस वर्षं मी ज्यांच्यासमोर मान खाली घालून बसत होते, ते माझ्याकडे बघून मिश्किल हसत होते. मी सावरून घेत म्हणाले की त्या पिल्लांना सोडल्याची भरपाई माझ्याकडून मात्र पुरेपूर वसूल केलीत. हजार खेपा. त्या उन्हात माझी कातडी सोलून निघाली होती.

“मी पाचशे लिहिणार होतो,” सर म्हणाले.

“मग?”

“तुझ्या त्या बाईनं स्टँडावर मला विचारलं की किती घास मोजले म्हणजे पोरीचं काम होईल. तिनं माझं पाऊल बघितलं होतं, लांब टाकलेलं. सगळं बघितलं होतं तिनं. मी म्हटलं, पाचशे पुरतील. तिनं हिशेब केला थोडा वेळ.” सरांनी कप खाली ठेवला. “मग म्हणाली, पाचशेला पोर रामनवमीलाच घरी जाईल, सायेब. तुमी हजार सांगा.”